भिंतीचा माल पटलापलीकडे नेतं कोण?

वाशीच्या ताईंनी विचारलंय, की जिवाणूच्या भिंतीचा माल पेशीच्या आत तयार होतो, मग बाहेर जातो कसा? हा माल म्हणजे लिपिड-२ हा रेणू. तो ५५ कार्बनच्या तेलकट शेपटीने पटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या तेलकट थरात, रुतलेला असतो. साखर-पेप्टाइडचं डोकं मात्र पाण्यात रमणारं, ते आपणहून तेलकट थर ओलांडत नाही. मुर-जे हे प्रथिन आधी आतल्या बाजूला उघडतं, मग बाहेरच्या, आणि तो रेणू पलटवतं. ई. कोलाय या जिवाणूत हे २०१४ साली दाखवलं गेलं. त्याआधी या कामासाठी एफटीएस-डब्ल्यू या दुसऱ्या प्रथिनाचं नाव पुढे होतं. ते भिंतीतली साखरेची साखळी जोडणारं निघालं. (ठाण्यात बीएस्सीला आमच्या सरांनी हे सगळं फळ्यावर एका बाणात उरकलं होतं!) व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक बाहेर आलेल्या याच डोक्याचं पेप्टाइड पकडतं, म्हणून त्याला पेशीत शिरावंच लागत नाही.