मदत हवी आहे: ऑस्टिन-हीली १००एम, कारखान्यातली की नंतर केलेली?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडात लेमिंग्टनला असतो. शेजारच्या आजींच्या गॅरेजात १९५६ची ऑस्टिन-हीली १०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, आता आजींना ती विकायची आहे. मी गाड्यांच्या कंपनीत आहे म्हणजे मला सगळं कळतं, असं त्या धरून चालल्या आहेत. मला कळतात ते सस्पेन्शनचे बुश, तेही आजच्या गाड्यांचे.

आजोबा तिला कायम 'एम' म्हणायचे, म्हणजे १००एम, हिचाच जास्त ताकदीचा प्रकार. बॉनेटवर हवेसाठी पाडलेल्या खाचा आहेत, वरून चामडी पट्टा आहे, आत पावणेदोन इंची दोन एसयू कार्बोरेटर आणि थंड हवेची पेटी. दिसायला अगदी एम.

आतापर्यंत वाचलं ते असं. १९५३च्या ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दोन हीली १०० धावल्या, बाराव्या आणि चौदाव्या आल्या. त्यांच्यावर जे काम केलं होतं त्यातलं बरंचसं कंपनीने 'ल मॉन्स किट' म्हणून विकायला काढलं. कोणीही घ्या, आपल्या गाडीला लावा. पुढे ऑक्टोबर १९५५मध्ये लंडनच्या मोटार शोमध्ये कंपनीनेच १००एम आणली. तिच्यात किट होतंच, शिवाय ८.१:१ कॉम्प्रेशनचे पिस्टन, पुढे जास्त कडक अँटी-रोल बार आणि ते खाचांचं बॉनेट. ताकद ९० वरून ११० हॉर्सपॉवर. कारखान्यातून निघालेल्या एम ६४०. पण किट डीलरांनी लावलं, हौशी मालकांनी लावलं आणि जुन्या गाड्या नव्या करून विकणारे आजही लावतात. गोची तिथेच आहे.

गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम इथून गाडीने वीसेक मिनिटांवर. तिथून कारखान्याच्या नोंदींचा दाखला मागवला. चासी आणि इंजिन नंबर जुळले, हीटरचीसुद्धा नोंद आहे. एमच्या सामानाचं मात्र अवाक्षर नाही.

आजींचा भाचा म्हणतो, गाड्या लाँगब्रिजला ऑस्टिनच्या कारखान्यात बनायच्या आणि एमचं काम वॉरिकला हीलींच्या कारखान्यात व्हायचं, मग नोंद कुठून असणार? बिनधास्त '१००एम' लिहा जाहिरातीत. किमतीत बराच फरक पडतो, हे मला कळतं. पण सही आजींची होणार आहे.

जाणकारांनी सांगावं: दाखल्यावर नाही म्हणजे विषय संपला का? आणि किट १९५६ सालचं की परवाचं, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

चासी नंबर बीएन२ने सुरू होतो ना, ते आधी बघा. बीएन१ (हीली १००चं आधीचं मॉडेल) असेल तर ती कारखान्यातली एम नाहीच. १९५६ची आहे म्हणजे बहुधा बीएन२च असेल, पण बघून घ्या.

पिस्टनच्या मागे लागू नका. इतक्या वर्षांत इंजिन एकदा तरी उघडलं असणार, आत काहीही निघेल. कार्बोरेटर, हवेची पेटी, पट्टा, सगळं आज नवंकोरं विकत मिळतं. शर्यतीसाठीची १००एस असती तर प्रश्न सोपा होता: अॅल्युमिनियमची बॉडी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि विक्रीसाठी बनवल्या जेमतेम ५०. तसं सोंग आणायला गाडीच नवी बांधावी लागेल. एमचं सोंग एका शनिवार-रविवारात होतं.

बॉडी जेन्सन या दुसऱ्या कंपनीकडून यायची आणि तिचा नंबर बॉनेटवरही ठोकलेला असायचा. तो बॉडीच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का पाहा. बाकी भाचेबुवांचा तर्क म्हणजे, पुरावा नाही हाच पुरावा! बिलं, जुने फोटो, काहीही कागद शोधा. नाहीच मिळालं तर 'बीएन२, ल मॉन्स किट बसवलेलं' असं लिहा. खोटी एम म्हणून पकडली जाण्यापेक्षा किटवाली म्हणून मानाने विकलेली बरी.

धागाकर्ता

खूप आभार. चासी बीएन२च आहे. बॉनेटखाली आरसा धरून शोधलं, नंबर नाहीच. मग आजींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात गाडी घेतली त्या दिवसाचा, १९७१चा फोटो होता. बॉनेट सपाट, ना खाचा ना पट्टा.

आजींना दाखवला तर म्हणाल्या, "हो, ते बॉनेट त्याने नंतर बदललं. मीच टॉर्च धरून उभी होते." मग इतके दिवस बोलला का नाहीत? "तुम्ही दोघं नंबरच विचारत होतात."

भाचा सध्या गप्प आहे. जाहिरातीत 'एम' लिहायचं नाही, हे आजींनीच ठरवलं. फोटोत बॉनेट बंद असल्याने कार्बोरेटरचं कोडं मात्र राहिलंच. डब्यात १९५८चं एका गॅरेजचं बिल आहे, त्यावर 'कार्बोरेटर, जोडी' एवढंच वाचता येतं, पुढचं तेलाने पुसलंय. हवेची पेटी जुनी की नवी, हे पत्र्यावरून किंवा वेल्डिंगवरून ओळखता येतं का? उद्या दिवसाउजेडी फोटो टाकतो.