प्रायमरी मतदारांची, मग उमेदवार आधीच श्रेष्ठींनी कसा ठरवला?

एडिसनकर (प्रश्न)

नमस्कार. मी नुकताच अमेरिकेचा नागरिक झालो असून येत्या जूनमध्ये न्यू जर्सीतील अमेरिकी काँग्रेससाठीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, प्रथमच मतदान करणार आहे. आपल्याकडे तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरते, एबी फॉर्म शेवटच्या रात्री कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो आणि वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ता बाजूलाच राहतो. हे पाहत वाढलेल्या माणसाला पक्षाचा उमेदवार सामान्य मतदारांनी निवडावा ही कल्पनाच फार मोलाची वाटते. परंतु येथील बातम्या वाचू लागल्यापासून असे दिसते की वॉशिंग्टनमधील नेते मतदानाच्या कितीतरी महिने आधी आपल्या पसंतीचा उमेदवार हेरतात, त्याच्यामागे पैसा आणि प्रतिष्ठा उभी करतात आणि स्थानिक पातळीवर वर आलेल्या इच्छुकांना माघार घ्यायला सांगतात. नेत्यांनाही मत असणारच आणि ते त्यांनी बोलून दाखवले तर माझी हरकत नाही. पण पाठिंबा कोठे संपतो आणि लादणे कोठे सुरू होते, हे जाणकारांनी प्रत्यक्ष उदाहरणे देऊन सांगितल्यास आभारी राहीन.

ह्यूस्टनवासी

आमच्याच शहरातले उदाहरण देतो. 2018 मध्ये टेक्सासच्या सातव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे सात उमेदवार रिंगणात होते. त्यांत लॉरा मोझर या लेखिका होत्या आणि लिझी फ्लेचर या वकील होत्या. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुका लढवण्यासाठी पक्षाची जी राष्ट्रीय प्रचार समिती आहे, तिने फेब्रुवारीत, म्हणजे मतदान तोंडावर आलेले असताना, मोझर यांच्याविरुद्धची टिपणे स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर केली. त्या वॉशिंग्टनहून आलेल्या आहेत, असा त्यात आक्षेप होता. शिवाय त्यांनी काही वर्षांपूर्वी टेक्सासमधील पॅरिस या लहान गावी राहायला जाण्यापेक्षा भूल न देता दात काढून घेतलेले बरे, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले होते, ते जणू संपूर्ण टेक्सासविषयी असावे अशा रीतीने मांडले होते. असा मजकूर एरवी विरोधी पक्षाच्या उमेदवारासाठी जमवला जातो. येथे तो स्वपक्षीय उमेदवारावर वापरला गेला.

परिणाम उलटा झाला. मोझर यांच्याकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्या पहिल्या दोघांमधील दुसऱ्या फेरीत पोहोचल्या. तेथे फ्लेचर यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवले आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन खासदार जॉन कल्बर्सन यांचाही पराभव केला. नेत्यांचा अंदाज खरा ठरला हे कबूल करायला हवे. तरीही माझ्या मते रेघ येथेच ओलांडली गेली, कारण फ्लेचर यांचे गुण सांगायला त्यांना कोणी अडवले नव्हते. त्याच वर्षी कोलोरॅडोच्या सहाव्या मतदारसंघात सभागृहातील डेमोक्रॅटिक नेतृत्वात दुसऱ्या क्रमांकावर असलेले स्टेनी हॉयर हे लीव्हाय टिलमन यांना माघारीचा आग्रह करत असल्याचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. पक्षाने जेसन क्रो यांना आधीच निवडले आहे, असे हॉयर यांनी त्यात आडपडदा न ठेवता सांगितले होते. क्रो पुढे जिंकले, ही गोष्ट निराळी.

जुना कार्यकर्ता, मिशिगन

वरची उदाहरणे उघडकीस आली म्हणून आपण त्यांवर बोलतो. मी प्रचारात काम केलेला माणूस आहे आणि माझ्या अनुभवाने सांगतो की बहुतेक दारे याच्या फार आधी, काहीही न बोलता बंद होतात. इच्छुक उमेदवाराला पहिल्याच भेटीत विचारले जाते की तुमच्या फोनमधील ओळखीच्या माणसांकडून तुम्ही किती रक्कम उभी करू शकता. मतदारसंघाचे प्रश्न कोणते, हे त्यानंतर. ज्याचे वर्गमित्र वकील आणि गुंतवणूकदार आहेत तो या परीक्षेत सहज उतरतो. शाळेत शिकवणारी किंवा कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली व्यक्ती उतरत नाही. निवडून आल्यावरही यातून सुटका नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या याच प्रचार समितीने नव्या खासदारांना आखून दिलेल्या दिनक्रमात देणग्यांसाठी फोन करण्याकरिता रोज चार तास राखून ठेवले होते, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे दार व्यावसायिकांचे. मतचाचणी करणारे, जाहिराती बनवणारे, टपालाने पत्रके पाठवणारे यांच्यावाचून येथे निवडणूक लढवता येत नाही. 2018 मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी क्वीन्समधील पक्षसंघटनेचे प्रमुख आणि खासदार जो क्राउली यांना हरवले, आणि पुढच्याच वर्षी समितीने जाहीर केले की विद्यमान खासदाराच्या विरोधात उभ्या राहणाऱ्यासाठी जो व्यावसायिक काम करेल त्याला समितीचे काम मिळणार नाही. हा नियम 2021 मध्ये मागे घेतला गेला. मला तो मोझर प्रकरणापेक्षाही गंभीर वाटतो, कारण त्याने कोणा एका उमेदवाराला नव्हे, तर आव्हान देण्याच्या शक्यतेलाच हात घातला होता.

नेत्यांचा विरोध मोडून काढण्याचा एक मार्ग स्वतःचा पैसा हा आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार. 2022 मध्ये डेट्रॉइटमधील प्रस्थापित नेते इतरांच्या मागे असताना त्यांनी काँग्रेसच्या जागेसाठी नऊ उमेदवारांच्या लढतीत सुमारे 28 टक्के मतांवर प्रायमरी जिंकली. मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला. पण ज्याच्याजवळ खर्चायला कोट्यवधी रुपये नाहीत, त्या कार्यकर्त्याचा प्रश्न त्याने सुटला नाही.

राज्यशास्त्राची अध्यापिका

नेत्यांची बाजूही नीट मांडली गेली पाहिजे. 2010 मध्ये डेलावेअरच्या रिपब्लिकन मतदारांनी माजी गव्हर्नर आणि विद्यमान खासदार माइक कॅसल यांना नाकारून क्रिस्टीन ओडॉनेल यांना सिनेटची उमेदवारी दिली आणि जिंकता येण्याजोगी जागा डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांच्याकडे गेली. 2018 मध्ये नेब्रास्काच्या दुसऱ्या मतदारसंघात कारा ईस्टमन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या पसंतीच्या ब्रॅड अॅशफर्ड यांना हरवले आणि नंतर त्या थोडक्यात पराभूत झाल्या. 2020 मध्ये बायडन यांनी तेथे आघाडी घेऊनही ईस्टमन पुन्हा हरल्या. कॅलिफोर्नियात तर सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघेच पुढे जातात. तेथे एका पक्षाचे इच्छुक फार झाले, तर मते विभागून तो पक्ष नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून नाहीसाच होण्याची भीती खरी असते. अशा ठिकाणी कोणी तरी गर्दी कमी करणे मला समजू शकते.

परंतु जिंकण्याची क्षमता आम्हालाच कळते, हा दावा मात्र टिकत नाही. 2020 मध्ये केंटकीत सिनेटसाठी डेमोक्रॅटिक राष्ट्रीय नेतृत्वाने एमी मॅकग्रा यांना निवडले. चार्ल्स बुकर यांनी त्यांना प्रायमरीत जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकापर्यंत गाठले होते. मॅकग्रा यांनी प्रचंड निधी उभा केला आणि तरीही तेव्हाचे सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्याकडून जवळजवळ वीस टक्क्यांनी हरल्या. रिपब्लिकनांच्या सिनेट निवडणुकांसाठीच्या प्रचार समितीने 2010 च्या निवडणुकीसाठी फ्लोरिडात मार्को रुबियो यांना डावलून चार्ली क्रिस्ट यांना पाठिंबा दिला होता. रुबियो ती जागा जिंकले आणि पुढे परराष्ट्रमंत्री झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी थेट प्रायमरीसाठी झगडा केला, तो उमेदवारी ठरवण्याचा अधिकार अधिवेशनांवर ताबा ठेवणाऱ्या पुढाऱ्यांकडून काढून घेण्यासाठी. नेत्यांचा अंदाज कधी बरोबर आला, कधी चुकला, यावर तो अधिकार परत त्यांच्या हाती देता येणार नाही.

नुसती प्रायमरी मात्र पुरत नाही. काँग्रेस पक्षाने 2014 च्या लोकसभेसाठी मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला, तेव्हा वर्ध्यात त्यातून पुढे आले ते विद्यमान खासदारांचेच चिरंजीव.

मॉनमथ रहिवासी

एडिसनकर, आपण न्यू जर्सीचे आहात, म्हणून येथील मतपत्रिकेविषयी सांगतो, कारण लादणे कसे असते ते तिच्यात डोळ्यांना दिसत होते. इतर राज्यांत एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापतात. आपल्या राज्याच्या 21 पैकी 19 काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, मात्र काउंटी पक्षाने पसंत केलेले सर्व उमेदवार, वरच्या पदापासून थेट काउंटीच्या पदांपर्यंत, एका सलग स्तंभात येत. ज्याला ही पसंती मिळाली नाही त्याचे नाव दोनतीन रकाने सोडून कडेला, कधी अनोळखी उमेदवारांच्या सोबत, कधी एकटेच असे. घाईत असलेला मतदार भरलेला स्तंभ वरून खाली उतरत जाई आणि कडेचे नाव त्याच्या नजरेसही पडत नसे. बऱ्याच काउंट्यांत ही पसंती व्यवहारात काउंटी पक्षाचा एकटा अध्यक्ष ठरवी. त्यामुळे त्याची मर्जी राखणे हाच प्रचार होऊन बसला होता.

सप्टेंबर 2023 मध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. त्यांनी कधीही निवडणूक लढवली नव्हती, तरी मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष पटापट त्यांच्या मागे उभे राहिले. आमच्या मॉनमथमध्ये, म्हणजे मर्फी कुटुंबाच्या स्वतःच्या काउंटीत, समितीच्या सदस्यांनी गुप्त मतदान केले आणि किम जिंकले. त्या दिवशी आम्हा अनेकांना प्रथमच वाटले की हे बदलू शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये किम यांनी या मतपत्रिकेविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागितली, 24 मार्चला मर्फी यांनी माघार घेतली आणि 29 मार्चला न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही पद्धत वापरण्यास मनाई केली. 2025 ची प्रायमरी दोन्ही पक्षांनी पदनिहाय मतपत्रिकेवर लढवली.

काउंटी पक्ष आजही पाठिंबा जाहीर करतात आणि त्यांनी तो करावा. फक्त त्या पाठिंब्यासाठी सर्वांच्या करातून छापलेला कागद वापरता येऊ नये, एवढीच माझी रेघ आहे.

आपण मतदार नोंदणीत कोणताही पक्ष लिहिला नसेल, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून प्रायमरीत मत देता येते. एका पक्षाची नोंद आधीच असेल आणि ती बदलायची असेल, तर मात्र अर्ज प्रायमरीच्या 55 दिवस आधी पोहोचावा लागतो, त्यामुळे आपली नोंद आताच तपासून घ्यावी.