निळ्या डब्यातली काच : तुमच्या वसाहतीतले, वाडीतले कचऱ्याचे अनुभव लिहा

अबोली
आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर सफाईवाल्या मावशी निळ्या डब्याशेजारी उकिडव्या बसलेल्या, डावा हात उजव्या मुठीत घट्ट धरून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. कोणीतरी फुटलेली ट्यूबलाइट निळ्या डब्यात टाकली होती आणि तिच्यावर बांगडा माशांच्या डोक्या-आतड्यांची पिशवी सोडली होती. सुका डबा म्हणून त्यांनी हात घातला. "काय नाय झालं, तू जा, दूध नासेल," मलाच म्हणाल्या. दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले.

मला तेव्हापासून आमच्या जुन्या कुंडीची आठवण येते आहे. आमची कॉलनी हाउसिंग बोर्डाची. मी चौथीत होते तेव्हा निळे-हिरवे डबे नव्हते, जांभळीखाली सिमेंटची एकच गोल कुंडी. एका संध्याकाळी लाइट गेले आणि माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. आई ओरडेल म्हणून तुकडे वहीच्या कागदात गुंडाळले आणि कुंडीत टाकून आले. सकाळी कुंडी उपसणाऱ्या काकांचा तळवा चिरला. बाबांनी त्यांना घरात आणून बसवलं, हात धुतला, स्कूटरवरून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नेलं, त्या दिवशीच्या खाड्याचे पैसेही दिले. मी रडत कबूल केलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. रात्री डालडाचा रिकामा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काच यात." तो डबा मोरीखाली इतकी वर्षं होता की शेवटी गंजून त्याचा तळ गेला.

निळा डबा आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आला, तोही बरेच अर्ज केल्यावर. पहिला महिना इतका छान गेला की मी रोज गॅलरीतून बघायचे. आता त्यात काय नसतं? भाताचं खरकटं, शहाळी, बाळाचे लंगोट, गादीतला कापूस, रंगाचे डबे. "शेवटी सगळं एकाच गाडीत जातं, मग आम्ही कशाला वेगळं करू" असं सगळे म्हणतात. मी गाडीवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, गाडीला दोन कप्पे आहेत, पण तुमच्या निळ्या डब्यात माशाचं पाणी असतं, ते सुक्यात ओतलं तर आधीच्या चार इमारतींचा चांगला कागद फुकट जातो. म्हणून आमचा डबा तो सरळ ओल्यात ओततो.

तुमच्याकडे काय चालतं? वाईट, चांगलं, जुनं, नवं, सगळं लिहा.

रातांबा
मावशी आता कशा आहेत? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं ना?

अबोली
हो दिलं. रजा मिळेल का माहीत नाही, मुकादमांशी बोलते आहे.

सड्यावरचा
आमच्या वाडीत घंटागाडीच येयत नाय. निळो नाय नि हिरवो नाय. ओलो कचरो माडाच्या मुळात, ता बरा. पण प्लास्टिक? आवस आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालता. दुधाच्यो पिशयो, कुरकुऱ्यांची पाकिटां, सगळा. कितीदा सांगलय. ती म्हणता, "पाणी बेगीन तापता." आता धाकट्या पोराक दमो लागलोहा. तेका त्या धुरात बघून माका रात्री झोप लागत नाय.

रातांबा
सड्यावरच्या दादा, चूल लगेच बंद होणार नाही, पण प्लास्टिक जाळणं आधी थांबवा. त्यातही पीव्हीसी, म्हणजे पाइपचे तुकडे, वायरीचं वेष्टन, रेक्झिन, यांच्या धुरातून डायॉक्सिन निघतात आणि आम्लाची वाफही. मुलाला दमा आहे तर हे फार वाईट. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून एका पोत्यात भरा. महिन्यातून एकदा बाजाराला जाता ना? भंगारवाला घेतो. आईला ओरडू नका, तिच्या काळी चुलीत झावळ्या आणि करवंट्याच जायच्या.

सड्यावरचा
ह्या पटला. पोतो लावतय आजच.

तिसरा मजला
आमच्याकडे लोक खाली उतरतच नाहीत. गॅलरीतून पिशवी फेकतात. तळमजल्याच्या पत्र्यावर धप्प आवाज, मग कावळे, मग कुत्रे. गेल्या जुलैत गटाराचं तोंड पिशव्यांनी बंद झालं आणि तळमजल्यावरच्या आजींच्या घरात गुडघाभर पाणी. त्यांचं रेशन भिजलं, तांदूळ आणि गहू दोन्ही. आम्ही चौघांनी फावड्याने गटार मोकळं केलं. वर आलं काय, तर पिशव्या, थर्माकोलच्या डिश आणि पावाच्या लादीची पाकिटं. आजी दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. पत्र्यावरचा धप्प आवाज आला की मला अजून त्यांचा चेहरा दिसतो.

कुर्ली
माशाच्या घाणीचं काय करता सगळे? खरंच विचारतेय. आम्ही आठवड्यातून चार दिवस मासे खातो, घंटागाडी एक दिवसाआड. फ्लॅटमध्ये परसदार नाही.

मागीलदार
कुर्लीताई, डोकी, कल्ले, कोळंबीची सालं एका डब्यात घालून गाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवायची. माझी सून तेच करते. वास नाही, माश्या नाहीत. आमच्या जुन्या घरी नारळाच्या आळ्यात पुरायचो, पण हातभर खोल, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात. वर चिऱ्याचा तुकडा.

कुर्ली
फ्रीझर! सासूबाईंना चालेल का बघते, त्यांचं आईस्क्रीम असतं त्यात.

मागीलदार
वेगळा स्टीलचा डबा करा, झाकण घट्ट. चालेल त्यांना.

गोधडी
हा धागा वाचताना हात थरथरतोय, पण लिहिते. माझी आई नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार होती, अठरा वर्षं. गाव सांगत नाही. हातमोजे वर्षातून एकदा मिळायचे, पंधरा दिवसांत फाटायचे. पुढे ती आमच्या जुन्या शाळेच्या मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधून काम करायची. काच लागली की हळद भरायची आणि पुढच्या इमारतीत जायची. तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा व्हायचा, तर उघडे टाकलेले पॅड आणि लंगोट. ती घरी सांगायची नाही. मी सातवीत असताना एकदा तिच्याबरोबर गेले होते तेव्हा बघितलं. एका दारात पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं. पेला दिला नाही.

एवढीच विनंती आहे. पॅड आणि लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल पेनाने ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने हे सुरू केलं होतं. लाल ठिपका दिसला की पिशवी उघडायची नाही. दोन रुपयांचं पेन पुरतं.

अबोली
गोधडी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आत्ताच लाल पेन कपाटाच्या दाराला दोरीने बांधलं.

गोधडी
आई २०१९ मध्ये गेली ताई. पण सांगितलंत, पोचलं.

रातांबा
🙏

तिसरा मजला
गोधडी, खूप वाईट वाटलं. ठिपक्याचं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? तुझं नाव न घेता.

गोधडी
टाका ना.

पाचवा माड
थोडी नियमाची माहिती देतो, कारण आमच्या सोसायटीत याच्यावरून भांडण झालं होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरच्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, बॅटरी, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे हे तिसऱ्यात. जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडायची नाही, आहे तशी वेगळी द्यायची. आणि त्याच नियमांत पॅड, लंगोट नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाका असं म्हटलं होतं. "नीट गुंडाळून" हे भांडणाऱ्या तीनही बायकांनी आणि सहाही पुरुषांनी वाचलंच नव्हतं, नुसतं "सुक्यात चालतं" एवढं धरून बसले होते. गोधडीताईंचा ठिपका आमच्याकडेही सुरू करतो.

वाशिष्ठीकाठ
२२ जुलै २०२१. चिपळूणचे आहेत का कोणी इथे? पाणी उतरल्यावर पहिलं काय दिसलं आठवतंय? मला आठवतं ते झाडांवरचं प्लास्टिक. आंब्याच्या शेंड्यापर्यंत पिशव्या लटकलेल्या, वाऱ्यावर फडफडत. आमच्या घरातून सहा ट्रॅक्टर चिखल निघाला. गादी, कपाट, मुलीच्या बाहुल्या, लग्नाचा अल्बम सगळं रस्त्यावर टाकावं लागलं. तेव्हा कोण ओला-सुका करतो, सगळ्या शहराचं घर रस्त्यावर होतं. पण बाहेरून किती लोक आले मदतीला! कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई. अनोळखी मुलांनी आमची मोरी घासली. मी त्यांना चहासुद्धा देऊ शकले नाही, गॅस नव्हता.

कुर्ली
वाशिष्ठीकाठ ताई, मी होते त्यांत, रत्नागिरीहून आलेल्या मुलींत. पेठेकडच्या बाजूला होतो. चहाचं मनात ठेवू नका हो.

वाशिष्ठीकाठ
अगं बाई! ये कधी घरी. खरंच ये. अल्बममधले दोन फोटो वाळवून राहिलेत, दाखवते.

रापणकर
आमच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, काय येतं ते सांगतो. पेडवे, तारली असले मासे कमी, पिशव्या जास्त. पहिल्या पावसानंतर खाडीतून जे सुटतं ते सगळं किनाऱ्याला लागतं. ओढायला माणसं तीस-चाळीस, आणि निम्मा वेळ जाळ्यातनं प्लास्टिक वेचण्यात. फाटकी जाळी आमचे लोकही दर्यात सोडतात, ते मी लपवत नाही. त्यात कासवं अडकतात. गेल्या साली एक मोठं कासव सोडवलं, मानेला जाळं रुतलेलं, सुरीने हळूहळू कापलं. पाण्यात सोडलं तेव्हा आमचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, सत्तरीचा माणूस, हात जोडून उभा राहिला.

मागीलदार
वेळास-आंजर्ल्याकडे कासवांची घरटी राखतात ती मुलं असली जाळी गोळा करतात का हो?

रापणकर
ते तिथल्या लोकांनाच विचारा. आम्ही मालवण बाजूचे.

पाचवा माड
मालवणवरून आठवलं, वेंगुर्ला बघितलंय का कोणी? नगरपरिषदेचा कचरा डेपो तिकीट काढून बघायला लोक जातात. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी होते तेव्हा हे उभं राहिलं. घरापासूनच कचरा वेगळा घेतात, प्लास्टिकचा चुरा करून डांबरात वापरतात, ओल्यापासून बायोगॅस. मी आईला घेऊन गेलो होतो. डेपो म्हटल्यावर तिने नाकाला पदर लावला होता, आत गेल्यावर पाच मिनिटांत काढला. बाग आहे आत! आपल्यासारखंच पावसाचं, माशांचं, आंब्याचं गाव आहे ते.

तिसरा मजला
गणपतीत आमच्या निळ्या डब्याचं तोंडच दिसत नाही. मखराचा थर्माकोल, निर्माल्य, केळीची पानं, मोदकांचे खोके. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल कमी झाला, पण माळ्यावरचा जुना अजून निघतो. यंदा मी चाकरमानी भावाला आधीच सांगितलंय, मखर बांबूचं आणि साड्यांचं. तो हो म्हणालाय.

भंगार_रत्नागिरी
माझा भंगाराचाच धंदा, वडिलांपासून. एक सांगू का? तुम्ही बाटली धुऊन दिली नाही तरी चालेल, फक्त रिकामी करून झाकण लावून द्या. पुठ्ठा कोरडा ठेवा. ओला पुठ्ठा पुढचा व्यापारी वजनात कापतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर पुठ्ठा कोरडा राहणं म्हणजे मोठी गोष्ट. वेफर्सची चकचकीत पाकिटं आम्ही घेत नाही, त्याला प्लास्टिकवर धातूचा थर असतो, पुढे गिऱ्हाईक नाही. ती निळ्या डब्यातच राहतात, मग लोक म्हणतात भंगारवाला निवडून निवडून नेतो. डबा पत्र्याखाली असेल तर निम्मा माल वाचतो. इतकंच.

अबोली
दादा, हे फार उपयोगाचं सांगितलंत. आमचा डबा उघड्यावर आहे.

सड्यावरचा
पोतो लावलय. आवशीन पयली पिशवी स्वतः धुवन वळणीर घातली. काय बोलाक नाय, पण घातली.

रातांबा
वा!! आईंना सांगा, मला फार आनंद झाला.

अबोली
संध्याकाळी आले सांगायला. मुकादमांनी मावशींना तीन दिवस रजा दिली, पगारी. आम्ही पाच जणींनी डबा ओढत ४ नंबरच्या जिन्याखाली आणला, तिथे पाऊस लागत नाही. पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर लाल ऑइलपेंटने "काच" लिहून जिन्याच्या गजाला तारेने बांधला. रंग वाळायच्या आत कोणीतरी औषधाची फुटकी बाटली आणून ठेवली. ट्यूबलाइट मात्र त्यात मावत नाही, उभी ठेवली तर पडते.

तिसरा मजला
थांब थांब. जांभळीखालची कुंडी, ४ नंबरचा जिना... तू आपल्याच कॉलनीतली का गं? मी ६ नंबर.

अबोली
म्हणजे पत्रा, तळमजल्यावरच्या आजी...? अरे देवा, ते पाणी मी बघितलंय!

तिसरा मजला
माझ्याकडे बोअरच्या कामातला चार इंची पाइप उरलाय, साडेतीन-चार फुटांचा. खालून झाकण लावलं की ट्यूब उभी राहील. शनिवारी आणतो. तार आहे का तुझ्याकडे, की तीही आणू?

अबोली
तार आण. माझी संपली.