लहान ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा नेमकी किती असावी?

केळीकाठ (यावल तालुका)

सर्वांना नमस्कार. मागच्या दसऱ्याला मी 24 अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतला. त्याची फक्त मागची चाके ओढतात, पुढची चाके केवळ वळवण्यासाठी आहेत. आमची जमीन तापीकाठची खोल काळी असून तिच्यात ठिबकवर केळी आणि उरलेल्या रानात कपाशी असते. केळीच्या सहा फुटी ओळीतून साडेतीन फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) चालवणे, कपाशीच्या रानात पाळी घालणे (कुळवणी) आणि घड रस्त्यावर आणण्यासाठी दोन चाकी ट्रॉली ओढणे, एवढीच त्याची कामे आहेत.

माझी अडचण अशी आहे की हवेबाबत तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. गावच्या पंक्चरवाल्याने न विचारताच चारही चाकांत 30 पौंड हवा भरली आणि टायर टणक असला म्हणजे टिकतो, असे सांगितले. शेजारचे नाना म्हणतात की काळ्या रानात मागच्या चाकांत 10 च्या वर हवा ठेवूच नये. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत मागच्या चाकांसाठी 0.8 ते 1.4 आणि पुढच्या चाकांसाठी 1.8 ते 2.0 असे आकडे छापले आहेत, ते पंक्चरवाल्याच्या काट्याशी काही केल्या जुळत नाहीत. सध्या 30 पौंडांवर ट्रॅक्टर ढेकळांवरून इतका उसळतो की रोटाव्हेटरची खोली एकसारखी राहत नाही, आणि चाक गेलेल्या पट्ट्यात माती दगडासारखी दबलेली दिसते. जाणकारांनी आकडा सांगावा, आणि शक्य झाल्यास तो आकडा कसा काढला तेही सांगावे.

चोपडेकर

दादा, आधी पुस्तिकेचे कोडे सोडवतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. पुस्तिकेतला आकडा दर चौरस सेंटिमीटरला किलो या मापात आहे आणि पंक्चरवाल्याचा काटा दर चौरस इंचाला पौंड या मापात आहे. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे दर चौरस इंचाला 14.2 पौंड. त्या हिशेबाने मागच्या चाकांसाठी साधारण 11 ते 20 पौंड आणि पुढच्या चाकांसाठी साधारण 26 ते 28 पौंड होतात. म्हणजे पुढच्या चाकांत पंक्चरवाल्याने थोडीच जास्त हवा भरली, मागच्या चाकांत मात्र मर्यादेच्या दीडपट.

दुसरी गोष्ट काट्याची. पंक्चरच्या दुकानातला काटा ट्रकसाठी असतो आणि त्याची पट्टी दीडशे-दोनशे पौंडांपर्यंत जाते. अशा काट्यावर 12 आणि 18 यांतला फरक म्हणजे सुईची जेमतेम हालचाल होय. त्यात तो काटा रोज चार वेळा जमिनीवर आपटलेला असतो. मी स्वतः दोन वर्षे 14 समजून 20 पौंडांवर ट्रॅक्टर चालवला, हे नवा काटा आणल्यावर कळले. ज्याची पट्टी 30 किंवा फार तर 40 पौंडांपर्यंतच आहे असा काटा स्वतःचा घ्यावा आणि तो ट्रॅक्टरच्या पेटीत चिंधीत गुंडाळून ठेवावा.

हवा पहाटे, ट्रॅक्टर उभा असताना मोजावी. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात 15 अंशांचे अंतर सहज पडते, आणि तेवढ्यावर 14 पौंडांचे सव्वापंधरा-साडेपंधरा होतात. त्यातच चाक उन्हात उभे असेल किंवा रस्त्यावरून धावून आले असेल तर आकडा आणखी चढतो. तो वाढलेला आकडा पाहून कोणी हवा सोडू नये, कारण रात्री टायर थंड झाल्यावर तेवढीच हवा कमी पडते.

बांधावरचा मास्तर (अमळनेर)

चोपडेकरांनी मापाचा गुंता सोडवला आहे, म्हणून मी आकड्याच्या मुळाशी जातो. ट्रॅक्टरचा भार प्रामुख्याने टायरमधली हवा उचलते, रबर तिला फक्त आवळून धरते. त्यामुळे किती हवा हवी, हे एका चाकावर किती वजन येते आणि ते वजन घेऊन चाक किती वेगाने जाते, या दोन गोष्टींवर ठरते. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात, त्यांत टायरच्या मापासमोर कोणत्या दाबाला किती किलो भार चालेल हे दिलेले असते. टायरच्या बाजूवर ‘ए6’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ तो भार ताशी 30 किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आहे, आणि ‘ए8’ असल्यास 40 किलोमीटरपर्यंत.

तेव्हा आपण जवळच्या वजनकाट्यावर जावे आणि आधी फक्त पुढची, मग फक्त मागची चाके पाट्यावर घेऊन, स्वतः आसनावर बसूनच, दोन वजने करावीत. नंतर रोटाव्हेटर वर उचलून तीच दोन वजने पुन्हा करावीत. बहुतेक जण हे दुसरे वजन विसरतात. मागे लोंबणारे अवजार स्वतःचे वजन तर मागच्या चाकांवर टाकतेच, शिवाय तराजूच्या दांडीप्रमाणे पुढच्या चाकांवरचा काही भारही मागे ओढून आणते. अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान 20 टक्के भार राहिलाच पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग हाताला हलके लागते आणि बांधावर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. तिथे हवेचा इलाज चालत नाही, पुढे वजनेच लावावी लागतात.

आता मातीविषयी. चाकाखाली वरच्या थरावर जो दाब पडतो, तो साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा थोडाच जास्त असतो. हवा 30 असताना टायर टाचेवर उभा राहिल्यासारखा मातीत रुततो, 14 असताना तोच टायर तळपाय टेकवून उभा राहतो. आपल्या चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होऊ पाहणाऱ्या काळ्या जमिनीत हा फरक फावड्याच्या पहिल्याच घावाला कळतो. मात्र हवा कमी केल्याने वरचा सहा-सात इंचांचा थरच सुटतो, त्याखालची माती दबते ती चाकावरच्या एकूण वजनाने. म्हणून ओल्या रानात कमी हवेच्या भरवशावर शिरू नये. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल निघून गेल्याशिवाय, काळ्या मातीत चाक घालणे हे 10 पौंडांवरही नुकसानीचेच आहे, आणि कांद्याच्या ट्रॉलीच्या घाईपोटी मी स्वतः ते नुकसान एका मृगात करून बसलो आहे. त्या पट्ट्यातली कपाशी पुढे दोन हंगाम गुडघ्याच्या वर गेली नाही.

हवा आणि वजन जमले की नाही, हे चाकाच्या घसरीवरून, म्हणजे चाक फिरूनही पुढे न सरकण्यावरून, कळते. ती मोजण्याची रीत अशी आहे. मागच्या टायरवर चुन्याची खूण करावी, अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर रानातच चालवावा आणि दोन्ही टोकांना खुंट्या रोवाव्यात. मग अवजार मातीत घालून तेवढेच अंतर जाताना किती फेरे होतात ते मोजावे. साडेअकरा फेरे झाले तर जास्तीचा दीड फेरा भागिले साडेअकरा, म्हणजे सुमारे 13 टक्के घसर झाली. 10 ते 15 टक्क्यांच्या आत असल्यास ठीक आहे. मोजायचा कंटाळा असेल तर चाकाचा ठसा पाहावा: दातांचे ठसे साच्यातून काढल्यासारखे कोरीव असतील तर ट्रॅक्टरवर वजन गरजेपेक्षा जास्त आहे, ठसे पूर्ण पुसले जाऊन नुसती भुसभुशीत माती उरत असेल तर चाक जागेवर फिरते आहे, आणि ठसा दिसतो पण दातांमधली माती थोडी सरकलेली आहे असे असेल तर जमले. रोटाव्हेटरला मात्र ही कसोटी लावू नये, कारण त्याची पाती स्वतःच ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. पाळी घालताना मोजावे.

शिरपूरचा ट्रॉलीवाला

मास्तरांचे म्हणणे शेतापुरते बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याने दोन चाकी ट्रॉलीचाही उल्लेख केला आहे आणि तिच्याकडे अजून कोणी पाहिले नाही. चार चाकी ट्रॉली स्वतःचे वजन स्वतः वाहते. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर बसतो आणि तो थेट मागच्या टायरवर येतो. 12 पौंडांवर तशी ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याला लागल्यास टायरच्या बाजू दर फेऱ्याला दुमडतात आणि तापतात, आणि सहा महिन्यांत बाजूंवर बारीक चिरा दिसू लागतात. उलट 30 पौंडांवर रस्त्याने चालवल्यास टायर मधोमध झिजतो आणि कडांचे दाते नव्यासारखे राहतात. आपल्या पुस्तिकेची वरची मर्यादा 20 आहे, ट्रॉलीसाठी तीच धरावी.

नानांच्या 10 पौंडांबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्याही ट्रॅक्टरला ट्यूबचेच टायर आहेत. मऊ रान म्हणून मी 9 पौंडांवर नांगर लावला. ताण पडला की रिम आत फिरे आणि टायर मागे राही. टायरसोबत ट्यूबही सरकत गेली, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्याने तिसऱ्या दिवशी मुळापासून फाटला. संध्याकाळी सहा वाजता, रस्त्यापासून एक किलोमीटर आत, चाक जमिनीला टेकलेले आणि मागे नांगर रुतलेला. तेव्हापासून मी रिम आणि टायर यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवतो. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की समजावे, त्या कामाला हवा कमी पडते आहे.

टायरमध्ये पाणी भरण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईलच. पाण्याने वजन वाढते आणि नांगराला पकड मिळते हे खरे, पण पाऊण टायर पाण्याने भरल्यावर दबायला हवा थोडीच उरते, त्यामुळे टायर कडक होतो आणि ते वजन रोटाव्हेटरच्या कामातही विनाकारण मातीवर फिरत राहते. आपल्या कामांत जड नांगरणी नाही, तेव्हा ते करू नये. आधीच भरलेले असल्यास व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून हवा मोजावी, नाहीतर काट्यात पाणी जाते आणि आकड्यात पाण्याचा दाबही मिसळतो.

केळीकाठ (यावल तालुका)

सर्वांचे आभार. गेल्या पंधरा दिवसांत सांगितले तसे करून पाहिले, त्याचा हिशेब देतो.

जिनिंगच्या वजनकाट्यावर माझ्यासह ट्रॅक्टरचे वजन पुढे 400 आणि मागे 650 किलो भरले. रोटाव्हेटर उचलल्यावर पुढे 250 आणि मागे 1050 झाले. अवजाराचे वजन 250 किलो, पण मागे वाढले 400. मास्तरांनी सांगितलेली तराजूची दांडी काट्यावर डोळ्यांनी पाहिली. म्हणजे एका मागच्या चाकावर 325 ऐवजी 525 किलो येतात. विक्रेत्याकडून माझ्या टायरचा तक्ता मागवला, त्यात एवढ्या भाराला 14 पौंड पुरतात.

नवा काटा आणल्यावर असे दिसले की पंक्चरवाल्याचे 30 पौंड मागच्या डाव्या चाकात 27 आणि उजव्या चाकात 33 होते. ट्रॅक्टर एका बाजूला का ओढतो, हे मी पाच महिने स्टेअरिंगमध्ये शोधत होतो.

पाळी घालताना चाकाचे फेरे मोजले. दोन्ही मागची चाके 28 वर आणली तेव्हा दहाचे बारा फेरे झाले, म्हणजे जवळपास 17 टक्के घसर. 14 वर साडेअकरा झाले. हवा बदलली की टायरचा घेरही थोडा बदलतो, म्हणून दोन्ही वेळा बिनभाराचे दहा फेरे नव्याने मोजून खुंट्या हलवल्या. नानांचा मान राखण्यासाठी एक दिवस 11 वरही चालवून पाहिला. उसळणे थांबले, पण संध्याकाळपर्यंत पांढरी रेघ बोटभर सरकली होती. 14 वर ती आठ दिवसांत हललेली नाही.

त्यामुळे सध्या पहाटेच्या मोजणीने मागे 15 आणि पुढे 26 ठेवतो, आणि ट्रॉलीच्या दिवशी मागे 20 करतो. रोटाव्हेटरची खोली आता ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी राहते. एक शंका उरली आहे: ट्रॉलीच्या दिवसांसाठी दर वेळी पंक्चरच्या दुकानात जाणे परवडत नाही, त्यासाठी काही सोय आहे का?

चोपडेकर

बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो, तो ट्रॅक्टरच्याच बॅटरीला लावता येतो. मागच्या टायरला वेळ लागतो, पण 15 वरून 20 करण्यापुरता तो चालतो. ट्यूब बदलून टायर नव्याने रिमवर बसवायचा असेल तर मात्र ते काम दुकानातच करावे, आणि तिथेही कड बसावी म्हणून 35 च्या वर हवा मारू देऊ नये व चाकासमोर उभे राहू नये. आणखी एक: कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) कोयत्याने तिरपी कापलेली असेल तर तिचे खुंट मऊ टायरच्या बाजूत खिळ्यासारखे घुसतात. पऱ्हाटी मुळासकट उपटून झाल्यावरच त्या रानात 15 वर जा.