कोरीवकाम आणि लाकूड फोडणे : नव्या फिक्स्ड ब्लेड सुऱ्यांची चाचणी नेमकी कशी घ्यावी?

रानवाट :

नमस्कार. रानातल्या मुक्कामासाठी तीन नव्या फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणाऱ्या पात्याच्या, सुऱ्या माझ्याकडे आल्या आहेत आणि त्यांपैकी एकच कायमची जवळ ठेवायची आहे. पहिलीचे पाते २.५ मिमी जाडीचे, १४सी२८एन पोलादाचे आणि स्कँडी धारेचे आहे, म्हणजे खांद्यापासून थेट धारेपर्यंत एकच सपाट उतार. दुसरीचे पाते ४ मिमी जाड, डी२ पोलादाचे, पाठीपासून निमुळते होत आलेले आणि शेवटी धारेला वेगळा बारीक उतार दिलेले. तिसरीचे जवळजवळ ५ मिमी, १०९५ पोलादाचे आणि दोन्ही अंगांनी फुगीर उताराचे. तिन्ही सुऱ्यांची पाती साधारण एकाच लांबीची आहेत.

माझी कामे ठरलेली आहेत : तंबूच्या खुंट्या तासणे, काठीला खाचा पाडणे, विस्तवासाठी फेदर स्टिक (काठीला चिकटूनच राहतील असे पातळ कुरळे तासलेली पेटवणाची काठी) करणे आणि मनगटाएवढ्या जाडीची ओली फांदी फोडून आतला कोरडा गाभा काढणे. डब्यातून काढल्याबरोबर पाहिले, तर पहिली सुरी लाकडात सहज शिरते आणि तिसरी पृष्ठभागावरून निसटते. हा फरक पात्याच्या घडणीचा समजावा की कारखान्यात लागलेल्या धारेचा? कोरीवकाम आधी करावे की फोडाफोडी? आणि निकाल केवळ हाताच्या अंदाजावर न ठेवता डोळ्यांनी पाहता येईल, अशी काही खूण आहे का?

जुनी पटाशी :

आपण योग्य ठिकाणी थांबलात. डब्यातून निघालेल्या धारेवरून सुरीबद्दल मत बनवू नये. कारखान्यात धार वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर लावली जाते. त्या घर्षणाने अगदी टोकाची कड तापून पोलादाला दिलेले पाणी तेवढ्यापुरते उतरू शकते, शिवाय एखादी वळलेली कड तशीच मागे राहते. म्हणून तिन्ही सुऱ्यांना आधी एकाच दगडावर धार लावून घ्यावी, शेवटी चामड्यावर ओढून ती कड काढून टाकावी आणि मगच तुलना सुरू करावी. लाकूडही एकाच सरळ, बिनगाठीच्या फांदीचे तुकडे करून वापरावे, कारण ओल्या आणि वाळलेल्या लाकडातला फरक दोन सुऱ्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. साग आणि बांबू या चाचणीसाठी टाळावेत. दोहोंत सिलिका असल्यामुळे धार लवकर मरते.

क्रम असा ठेवावा : आधी कोरीवकाम, मग फोडणे, आणि धारेला हात न लावता पुन्हा तेच कोरीवकाम. या तिसऱ्या फेरीतच खरा निकाल लागतो. कोरीवकामासाठी कॅनडाचे मॉर्स कोचान्स्की शिकवत असत ती ‘ट्राय स्टिक’ पद्धत उत्तम आहे. एकाच काठीवर निरनिराळ्या खाचा, चौकोनी छेद आणि टोकाला घुमट कोरला की पात्याचा मुठीजवळचा भाग, मध्य आणि टोक या सर्वांची परीक्षा एकाच वेळी होते.

डोळ्यांनी पाहण्याची खूण कापलेल्या पृष्ठभागावरच असते. एक लांब, संथ काप घ्या आणि ती जागा तिरप्या उजेडात धरा. धार निरोगी असेल, तर लाकूड गुळगुळीत चमकते. धारेला सूक्ष्म दाता पडला असेल, तर कापाच्या पूर्ण लांबीवर केसाएवढी उंच रेघ उठते आणि पुढच्या प्रत्येक कापात ती त्याच ठिकाणी येते. त्या रेघेवरून पात्याच्या कोणत्या भागाला इजा झाली हे नेमके सांगता येते. धार तुटली नसून वळली असेल, तर रेघ उठत नाही. त्याऐवजी तेथे लाकूड मळकट दिसते आणि तंतू कापले न जाता चेपलेले आढळतात.

आपली तिसरी सुरी निसटते, याचे कारण मात्र बहुतांशी घडणीतच असावे. फुगीर उताराची धार टेकवायला सपाट आधार नसतो. त्यामुळे काप सुरू करताना मनगट किती कलते करायचे हे हाताला शिकावे लागते. स्कँडीचा उतार लाकडावर रंध्याच्या तळासारखा टेकतो आणि कापाची खोली तोच धरून ठेवतो.

ओंडका :

फोडण्याबद्दल थोडे लिहितो, कारण या चाचणीत लोक बहुधा नको ते मोजतात. पाठीवर ठोके देऊन पाते सरळ रेषांच्या, म्हणजे सरळ तंतूंच्या, लाकडात शिरवले की चीर धारेच्या पुढे पळू लागते. त्यानंतर धार लाकडाला जवळजवळ टेकतच नाही. पात्याचे खांदे पाचर होऊन दोन भाग अलग करतात. म्हणून बिनगाठीचे लाकूड कितीही फोडले तरी पोलादाविषयी फारसे काही कळत नाही, फक्त जाडीचा फायदा दिसतो. दोन्ही बाजू मिळून २३ अंशांच्या स्कँडी धारेत २.५ मिमी पात्याचा उतार सुमारे ६ मिमी उंच असतो आणि तेवढे शिरल्यावर पाते आणखी रुंद होत नाही, त्यामुळे पातळ सुरीला लाकूड उघडायला अधिक ठोके लागतात.

धारेवर खरा भार येतो तो गाठीपाशी. तेथे रेषा वळलेल्या असतात, चीर थांबते आणि धारेला आडवा दाब सोसावा लागतो. सरळ लाकडाची फेरी झाल्यावर प्रत्येक सुरीने एक लहान, शक्यतो सारख्या आकाराची गाठ जाणूनबुजून फोडून पाहा. ठोके लाकडी दांडक्यानेच द्यावेत, दगडाने किंवा हातोडीने कधीही देऊ नयेत. फांदी पात्यापेक्षा इतकी बारीक हवी, की टोकाकडचे निदान तीन-चार सेंटिमीटर पाते बाहेर राहील, कारण पाते आत गेल्यावर ठोका तेथेच द्यायचा असतो. त्या वेळी मूठ उचलली जाते आणि मूठ व पाते यांच्या सांध्यावर वाकवणारा जोर येतो. फुल टँग नसलेल्या, म्हणजे पात्याचे पोलाद पूर्ण रुंदीने मुठीच्या शेवटापर्यंत न गेलेल्या, सुरीत अरुंद झालेला दांडा जेथे सुरू होतो, तेथला कोपरा काटकोनी असेल तर तडा तेथूनच जातो. पाते अडकले असता मूठ पिळून लाकूड उघडण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी चिरेत लाकडाचीच पाचर ठोकावी.

निसणा :

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी फोडण्याला एवढे वजन देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुरीने दिवसभरात होणारे बहुतेक काम तासण्याचे असते. ५ मिमीचे पाते फोडताना वाचवलेले श्रम प्रत्येक खाचेत पुन्हा वसूल करते.

मुठीची परीक्षा कृपया विसरू नका. खुंट्या तासत राहा आणि मग तळहात उघडून पाहा : अंगठ्याच्या मुळाशी किंवा करंगळीखाली लाल चट्टा उठला असेल, तर ती मूठ मोठ्या कामात फोड आणणार. मूठ संपते तेथून धार किती अंतरावर सुरू होते, हेही मोजा. ताकदीचा काप मुठीला लागूनच घ्यायचा असतो. मध्ये बोटासाठी मोठी खाच असेल, तर जोर वाया जातो. आणखी एक विनंती : तासताना पाते मांडीच्या आतल्या बाजूला कधीही येऊ देऊ नये, कारण तेथील धमनी कापली गेल्यास मदत येईपर्यंतचा वेळ मिळत नाही.

रानवाट :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. गाठीनंतर डी२च्या धारेने कापावर दोन बारीक रेघा उठवल्या. १०९५ची फुगीर धार शाबूत राहिली, पण खाचेचा तळ तिने काही नीट साफ केला नाही. पहिल्या, पातळ सुरीची धार मध्यावर किंचित वळली. कापात रेघ नव्हती, पण तेवढ्या जागी लाकूड मळकट दिसले. तासण्यात मात्र ती बाकी दोघींच्या कितीतरी पुढे आहे आणि मुठीचा चट्टाही उठला नाही. तिची धार गाठीपुढे टिकेल असे काही करता येईल का?

जुनी पटाशी :

येईल. स्कँडीचा मूळ उतार प्रत्येक बाजूने ११-१२ अंशांचा असेल, तर सर्वांत बारीक दगडावर पाते थोडे उचलून, सुमारे १५ अंशांवर, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने मोजकेच फटके द्या. उजेडात धारेला केसाएवढी चमकती कडा दिसू लागली की थांबा. तीच मायक्रोबेव्हल. ती इतकी अरुंद असते, की उतार लाकडावर पूर्वीप्रमाणेच टेकतो आणि तासण्यात फारच थोडे गमावावे लागते. १४सी२८एन बारीक कणांचे पोलाद असल्यामुळे ही कडा त्यावर स्वच्छ बसते.

डी२मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. त्यातून तयार होणारे मोठे, कठीण कण झीज रोखतात, पण धार बारीक असेल तर तिच्यासकट तुटून येतात. त्या सुरीचे दाते पूर्ण निघेपर्यंत घासून तिचा कोन आणखी दोन-तीन अंश उभा करावा लागेल. पातळ सुरीला नवी कडा दिल्यावर गाठीची फेरी त्याच फांदीच्या उरलेल्या तुकड्यावर घ्या आणि पहिला लांब काप आधी वळलेल्या त्या मधल्या भागानेच घेऊन पाहा.