गाजरगवतावर ज्वारीच्या कडब्याचा अर्क चालतो का?

बांधकरी: सेंद्रिय सोयाबीन आहे, तणनाशक मारता येत नाही. बांधावर गाजरगवत माजलंय. काही झाडं गुडघ्याएवढी, पांढरी फुलं धरलेली. खाली बारीक रोपं दाट. कडब्याचा अर्क कसा करायचा? मोठी झाडं मरतील का? नाहीतर मीठ मारू का?

कडबाकुट्टी: दादा, मोठी झाडं मरणार नाहीत. अर्काचा खरा उपयोग बी उगवताना आणि दोन-चार पानांच्या रोपांवर. पक्व ज्वारीचा वाळलेला कडबा दोन सेंटिमीटरची कुट्टी करा, १ किलोला १० लिटर पाणी, २४ तास भिजत ठेवा. फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. मग मंद आचेवर आटवून अर्धा लिटर करा. १५ लिटरच्या पंपाला हा अर्धा लिटर. एकरी दहा पंप, म्हणजे १० किलो कडबा. न आटवता मारला की परिणाम कमी दिसतो आणि लोक अर्कालाच नावं ठेवतात. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात गव्हातल्या तणांवर यावर बरंच काम झालंय. तिथेही तण कमी होतं, संपत नाही. सोयाबीन उगवत असेल तर तिच्यावर उडू देऊ नका, तिलाही झटका बसतो.

माळरान: एक भर. ज्वारीतलं सोर्गोलिऑन हे तण दाबणारं द्रव्य मुळांतून पाझरतं, ते पाण्यात विरघळत नाही. कडब्याच्या पाण्यात उतरतात ती फिनॉलिक आम्लं, म्हणजे उगवण रोखणारी दुसरी द्रव्यं. मातीतले जिवाणू ती लवकर खातात, म्हणून एका फवारणीवर थांबू नका.

मीठ लिटरला २०० ग्रॅम घातलं की पानं करपतात हे खरं, पण बांधावर नको. पावसाने ते शेतात उतरतं आणि जमीन खारावते.

फुललेली झाडं आजच उपटा. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया येतात. पाऊस पडून माती मऊ असताना बुडखा धरून मुळासकट ओढा. वरून कापलं की बुडातून पुन्हा फुटतं. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच, परागांनी अंगाला खाज आणि दमा होतो. फूल नसलेली कंपोस्टात चालतात, फुललेली मुळीच नाहीत.

बांधकरी: उपटल्यावर जागा मोकळी पडेल, तिथे काय?

माळरान: टाकळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकलेल्या शेंगांचं बी गोळा करा, एप्रिल-मेमध्ये बांधावर फेका. पहिल्या पावसात तो दाट उगवतो आणि गाजरगवताच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. शेतात शिरलेला मात्र शेंगा धरायच्या आत काढा.