सल्ला हवा : मोमेंट ऑफ इनर्शिया अदिश (नुसता आकडा) की टेन्सर? माझंच डोकं गरगरतंय

खानापूरचा_भोवरा
दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावी) इंग्रजी, आता बेळगावात बीएस्सी. पीयूसीला मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, हा एक आकडा होता. भरीव दंडगोल दिसला की अर्धा एम आर वर्ग (एम वस्तुमान, आर त्रिज्या) लिहायचं, मार्क घ्यायचे. आता त्यालाच टेन्सर म्हणतात आणि फळ्यावर नऊ खणांचं कोष्टक येतं. मग आधी शिकलो ते खोटं होतं? शिवाय कोनाला आकडा आहे, दिशा आहे, तरी तो सदिश (व्हेक्टर) नाही म्हणे, पण कोनीय वेग सदिश! बसमध्ये वाचता येईल असं काही सुचवा.

निवृत्त_मास्तर
वाचायचं नंतर बघू. दप्तरातलं एक पुस्तक हातात धर. आधी उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरव, मग आडव्या अक्षाभोवती ९० अंश. आता पहिल्यापासून, पण उलट्या क्रमानं. पुस्तक वेगळंच पडलेलं दिसेल. सदिशांची बेरीज क्रमानं बदलत नाही, म्हणून मोठा कोन त्या पंगतीत बसत नाही. कोन अगदी बारीक घेतला की क्रमाचा फरक त्याहून कितीतरी बारीक होतो, आणि कोनीय वेग अशा बारीक कोनांवरच उभा आहे.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
मास्तर, टेन्सर राहिला की! हे बघ गा, मी बॅलन्सिंग मशीनवर असतो. कधीकधी शाफ्ट दोन धारांवर ठेवला तर कसाही फिरवून सोडा, तिथंच थांबतो. म्हणजे वजन सारखं. पण स्पीडला घेतला की बेअरिंग थरथरतं.

कारण असं. बारीक दांडीच्या दोन टोकांना सारखी वजनं लाव आणि ती मधोमध, ४५ अंश तिरकी करून शाफ्टला वेल्ड कर. फिरणं शाफ्टभोवती, पण कोनीय संवेग (अँग्युलर मोमेंटम) दांडीला काटकोनात, म्हणजे शाफ्टपासून ४५ अंश कललेला. दांडीबरोबर तोही गरगरतो. त्याची दिशा सतत बदलायला टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर लागतो, तो बेअरिंगला द्यावा लागतो. स्पीड दुप्पट, तर टॉर्क चौपट!

सदिश म्हणजे बाण. बाणाला नुसत्या आकड्यानं गुणलं तर तो लांब-आखूड होईल, फार तर उलटा होईल, तिरका होणार नाही. इथं तिरका झाला, म्हणून एक आकडा पुरत नाही, तुझं नऊ खणांचं कोष्टक लागतं. तोच टेन्सर. टायरवाला रिमच्या आतून वेगळं नि बाहेरून वेगळं वजन लावतो, तेही ह्याच्यासाठीच.

खानापूरचा_भोवरा
काका, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. मग पीयूसीतला आकडा?

चिकोडीची_एमएस्सी
तो ठरलेल्या एका अक्षापुरता खरा. नऊ खणांतही कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे, म्हणजे वेगळे सहाच. आणि कुठल्याही वस्तूत एकमेकांना काटकोनात असे तीन मुख्य अक्ष सापडतात, ते धरले की तीनच उरतात. गोळ्याला तिन्ही सारखे. केंद्रातून बघितलं तर घनालासुद्धा (क्यूब), हे मला बरेच दिवस पटलं नव्हतं. फिरण्याची ऊर्जा मात्र साधा अदिश.

वाचायला भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांच्या व्याख्यानांचा दुसरा खंड, ३१वं प्रकरण. कॅलटेकच्या साइटवर फुकट आहे. इंग्रजी असलं तरी भाषा बोलल्यासारखी. मराठीत शोधताना टेन्सरसाठी ‘प्रदिश’ हा शब्द टाक. इंडेक्सच्या (खणांना लावायच्या i, j अशा खुणांच्या) भानगडीत आत्ताच पडू नकोस.

निवृत्त_मास्तर
ताई, परीक्षेत इंडेक्सच लिहावे लागतात.

चिकोडीची_एमएस्सी
लागतात सर, पण ते शेवटच्या महिन्यात. आधी चित्र डोळ्यांसमोर हवं. भोवऱ्या, पुस्तकाला रबर लाव आणि तिन्ही अक्षांभोवती फिरवत उडव. मोबाईल नको!

खानापूरचा_भोवरा
उडवलं. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजूच्या अक्षाभोवती नीट फिरतं, मधल्याभोवती दर वेळी मध्येच कोलांटी खातं. आई विचारते, हाच काय अभ्यास? काका, तुमचं मशीन बघायला येऊ काय?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
ये की. पाचनंतर ये, साहेब गेलेले असतात. चप्पल घालून येऊ नको, बूट पायजेत.